फोडणी घालायच्या आधी बाजूला काढा! कुत्र्यांना आपल्या ताटातलं काय देऊ नये

सायलीची_आई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं, आता गणपती जवळ आलेत म्हणून काढतेच. आमच्याकडे दोन इंडी (देशी कुत्री) आहेत, शिवाय सोसायटीच्या गेटवरच्या चार-पाच कुत्र्यांचं रात्रीचं जेवण मी बघते. त्यामुळे लोक कुत्र्यांना काय काय खायला घालतात ते रोज डोळ्यांनी बघते. देणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, त्याबद्दल काही म्हणायचं नाही, पण कुत्र्याचं पोट आणि किडनी आपल्यासारखी नसते हे बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं.

इंटरनेटवर कुत्र्यांसाठी विषारी पदार्थांच्या याद्या ढिगाने आहेत, पण त्या परदेशी स्वयंपाकघर डोळ्यासमोर ठेवून केलेल्या. मॅकाडेमिया नट, अ‍ॅव्होकाडो, पिझ्झाचा कच्चा डो वगैरे. आपल्याकडे किती घरात मॅकाडेमिया असतात? (असतील तर देऊ नका, मागचे पाय लुळे पडतात, बहुतेक वेळा एक-दोन दिवसात सुधारतात पण कुत्रा बिचारा घाबरून जातो.) आपला धोका आहे वाटणात, आमटीत आणि प्रसादात.

सत्यनारायणाचा शिरा घ्या. रवा, तूप, साखर, केळं, आणि वरून मूठभर बेदाणे. पूजा झाली की द्रोणात उरलेला शिरा दारातल्या कुत्र्याला घालायचा ही आपली पद्धत. त्यातल्या बेदाण्यांनी किडनी निकामी होऊ शकते. द्राक्षं, मनुका, बेदाणे, काळ्या मनुका, सगळं त्यातच आलं.

मग कांदा-लसूण. आपल्याकडे तिखटामिठाचं असं काय आहे ज्यात हे नाही? शिजवलं, तळलं, वाळवून पूड केली तरी त्यातलं घातक द्रव्य जात नाही. उलट पूड जास्त वाईट, कारण थोडक्यात खूप कांदा पोटात जातो. कांदा-लसूण मसाला, इन्स्टंट नूडल्सची पुडी, मसाला चिप्स, सगळ्यात असतो.

माझा नियम एकच आहे आणि तो पाळायला फार सोपा आहे: कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढायचा. वरणासाठी डाळ शिजली की मीठ-हिंग-लसूण पडायच्या आधी एक वाटी बाजूला. चिकन करताना मॅरिनेट करायच्या आधी चार तुकडे वेगळे उकडायचे, हाडं काढून. भात तर असतोच. पाच मिनिटांचं काम आहे आणि वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

तुमचे अनुभव लिहा, कुणी पशुवैद्य असतील तर चुकलेलं दुरुस्त करा.

तासगावचा_वारा
ताई, धागा चांगला आहे, पण एक शंका आहे, राग मानू नका. आमचा मळा द्राक्षाचा. लहानपणापासून बघतोय, मळ्यातली कुत्री मांडवाखाली पडलेले मणी खातात, बेदाण्याच्या शेडवर राखणीला असलेली कुत्री सुद्धा तोंड घालतात. आमचा मोत्या आमटी-भाकरी खाऊन म्हातारा होऊन गेला. मग हे विष कसं काय? का हे फक्त शहरातल्या महागड्या जातींचं आहे?

डॉ_गावठी
मी पशुवैद्य आहे, छोट्या प्राण्यांची प्रॅक्टिस करतो. तासगावकर दादा, प्रश्न अगदी बरोबर विचारलात, हाच प्रश्न कित्येक वर्षं पशुवैद्यांनाही पडलेला होता. एखादा कुत्रा किलोभर द्राक्षं खाऊन ठणठणीत आणि दुसरा थोडेसे बेदाणे खाऊन तीन दिवसात किडनी फेल, याचा मेळच लागत नव्हता.

2021 साली अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी एक गोष्ट मांडली. घरी केलेली खेळण्याची मऊ कणीक खाल्लेल्या एका कुत्र्याला अगदी द्राक्षाच्या विषबाधेसारखा त्रास झाला होता. त्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचाच क्षार. द्राक्षातही तेच आम्ल भरपूर, आणि त्याचं प्रमाण जात, पक्वता, माती-हवामान यावर बदलतं. म्हणून एका मळ्यातली द्राक्षं पचतात आणि दुसऱ्या मळ्यातली बाधतात. आपली किडनी ते आम्ल बाहेर टाकते, कुत्र्याच्या किडनीला ते नीट जमत नाही आणि पेशींमध्ये साठत जातं असं आज मानलं जातं. जात इंडी की लॅब याचा इथे संबंध नाही. किती खाल्लं तर चालेल असा भरवशाचा आकडा कुणाकडेच नाही, म्हणून एकही नको असं आम्ही सांगतो.

आता आपल्यासाठी महत्त्वाचं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंच खाऊन कुत्र्यांच्या किडनीला इजा झालेल्या केसेसची नोंद झालेली आहे. म्हणजे आमटीत कांदा-लसूण नसला, अगदी गोडा मसाला आणि चिंच-गुळाची साधी ब्राह्मणी आमटी असली, तरी ती कुत्र्यासाठी नाही. चिंचेचा कोळ, चिंचेच्या गोळ्या, पाणीपुरीचं पाणी, भेळेची चटणी, सगळं बंद.

मोत्याबद्दल सांगतो. वीस किलोचा कुत्रा, चार भाकरी आणि त्यावर पळीभर पातळ आमटी. त्याच्या वजनाच्या मानाने आत गेलेला कांदा-चिंच फार थोडा. तोच रस्सा पाच किलोच्या पॉमला वाटीभर घातला तर हिशोब पार बदलतो. आणि मळ्यातला एखादा कुत्रा दोन दिवस गप्प पडून गेला तर त्याचं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ततपासणी) कोण तपासतं? म्हातारा झाला, साप चावला, असंच म्हणतात. जगलेले मोत्या लक्षात राहतात दादा.

कांद्याचं थोडं सविस्तर सांगतो कारण त्यात फसायला होतं. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात. एका वेळी वजनाच्या अर्धा टक्का कांदा पोटात गेला तर त्रास दिसू शकतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला पन्नास ग्रॅम, एक लहान कांदा झाला! लसूण त्याहून तीव्र. रोज थोडा थोडा गेला तरी परिणाम साठतो. आणि लक्षणं लगेच येत नाहीत, तीन-चार-पाच दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, जिना चढताना धाप लागते, लघवी लालसर किंवा चहासारखी होते. तोपर्यंत रविवारचं मटण कुणाच्या लक्षातही नसतं. म्हणून डॉक्टरांनी विचारलं की गेल्या आठवड्याभरात काय काय खाल्लं ते आठवून सांगा, फक्त आजचं नको.

तासगावचा_वारा
डॉक्टर, पटलं. चिंचेचं खरंच माहीत नव्हतं. बेदाणा शेडवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो हे, तिथे कुत्री प्रत्येकाकडे आहेत.

आंबोळी
कोकणातून लिहितेय. आमच्याकडचा धोका वेगळाच, आंब्याची कोय. मे महिन्यात घरोघरी आमरस, कोयी परसात फेकलेल्या आणि कुत्रे त्या चघळत बसतात. चाटली तर ठीक हो, पण मोठा कुत्रा अख्खी गिळतो. आमच्या शेजाऱ्यांच्या लॅबचं असंच झालेलं, आधी उलट्या, मग खाणं बंद, मग शी बंद, पोटाला हात लावू देईना. शेवटी पोट उघडून कोय काढावी लागली. गर दिला तर चालतो ना डॉक्टर? आमचा हापूसवर जीव टाकतो.

आणि सुकट-बोंबील पण लिहा कुणीतरी. खारवलेली मासळी वाळत घातलेली असते, कुत्रा अर्धी टोपली संपवतो आणि मग पाणी पाणी करतो.

डॉ_गावठी
गर चालतो, साल-कोय काढून, दोन-चार फोडी. साखर असते म्हणून वाटीभर नको. खारी मासळी म्हणजे मिठाचा मारा, जास्त खाल्ली तर झटके सुद्धा येऊ शकतात. पाणी समोर ठेवायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा.

कोयीसारखंच मक्याचं कणीस. पावसाळा आला की सिंहगड, लोणावळा, चौपाटी, जिथे तिथे दाणे खाऊन फेकलेली कणसं. आतला दांडा पोटात विरघळत नाही, आतड्यात बूच बसल्यासारखा अडकतो आणि एक्स-रेत दरवेळी स्पष्ट दिसत पण नाही. कुत्र्याने कणीस गिळलेलं बघितलं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, निदानाचा एक दिवस वाचतो. दाणे उकडून दिले तर काही होत नाही.

आणि शिजवलेली हाडं. कच्च्यापेक्षा शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या टोकदार चिपा निघतात, कोंबडीचं तर जास्तच. नळी चोखून झाल्यावर कुत्र्याकडे टाकायची सवय मोडायला हवी.

बे_एरियातली_मावशी
इकडे अमेरिकेत असल्यामुळे झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) बद्दल लिहिते कारण ते भारतातही पोचलंय. शुगर-फ्री च्युइंगम, मिंट, काही टूथपेस्ट, माउथवॉश, चघळायच्या काही व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणि इकडे काही कंपन्यांच्या पीनट बटरमध्येही असतं. पीनट बटरमध्ये गोळी लपवून कुत्र्याला द्यायची पद्धत आता तिकडेही आलीये म्हणून आवर्जून सांगते. इकडे लेबलवर कधीकधी बर्च शुगर असं लिहितात त्यामुळे पटकन कळत नाही.

माणसाला काही होत नाही, पण कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिन धडाधड सुटतं आणि अर्ध्या-एक तासात साखर इतकी खाली येते की कुत्रा झोकांड्या खातो, कोसळतो, फिट येते. जास्त गेलं तर लिव्हर जातं. आमच्याकडे भारतातून सासरे आले की पहिल्यांदा त्यांच्या खिशातले शुगर-फ्री मिंट वरच्या कपाटात जातात, बॅग उघडायच्या आधी! ते स्वतःच आता आठवण करतात.

भारतातल्यांनी पाकिटावर आयएनएस 967 हा नंबर शोधा, तो झायलिटॉलचा. चहात घालायच्या शुगर-फ्री गोळ्यांमध्ये बऱ्याचदा सुक्रालोज किंवा स्टीव्हिया असतं, ते इतकं घातक नाही, पण वाचल्याशिवाय गृहीत धरू नका.

हिशोबनीस
चॉकलेटचा हिशोब मी टाकतो, कारण "आमच्याने खाल्लं काही झालं नाही" हे सगळ्यात जास्त चॉकलेटबद्दल ऐकू येतं आणि त्याला कारण आहे. त्यातलं थिओब्रोमिन हे घातक द्रव्य. कुत्र्याच्या शरीरातून ते फार सावकाश जातं, निम्मं जायलाच साधारण साडेसतरा तास. एक किलो वजनामागे 20 मिग्रॅच्या आसपास उलट्या-जुलाब-अस्वस्थपणा, 40-50 ला हृदयाचे ठोके बिघडतात, 60 च्या पुढे झटके.

मिल्क चॉकलेटमध्ये एका ग्रॅमला साधारण 2 मिग्रॅ, डार्कमध्ये 5 च्या पुढे, आणि केकसाठीची बिनसाखरेची कोको पावडर 20 किंवा त्याहून जास्त. आता आठ किलोचा शिह त्झू धरा. 100 ग्रॅम मिल्क चॉकलेट म्हणजे किलोमागे 25, पोट बिघडेल. 100 ग्रॅम डार्क म्हणजे 60 च्या वर, थेट इमर्जन्सी. आणि कोको पावडर फक्त 25 ग्रॅम, चार-पाच मोठे चमचे, तरी तितकंच, 60 च्या वर. म्हणून घरी केक करणाऱ्यांनी चॉकलेटपेक्षा कोकोचा डबा आधी बंद करावा. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन जवळजवळ नसतंच, पण फॅट असतं.

याच कुटुंबातलं कॅफिन. चहा गाळला की चोथा कुंडीत टाकायची सवय असते ना, त्यात अजून कॅफिन असतं आणि दूध-साखरेच्या वासाने कुत्री तो खातात. कॉफी पावडर तर आणखी वाईट.

मीनल_ठाणे (रात्री 9:41)
अर्जंट आहे प्लीज कोणीतरी सांगा. आमच्या बीगलने उद्याच्या पूजेसाठी आणलेली बेदाण्याची पुडी ओट्यावरून ओढून खाल्ली, निम्मी तरी गेली असेल, पाऊण तास झाला असेल. वजन 11 किलो. आत्ता एकदम मस्त आहे, शेपूट हलवतोय, खेळतोय. सकाळपर्यंत वाट बघू का? आमचे नेहमीचे डॉक्टर बंद झालेत.

पाटील_काका_नगर (रात्री 9:46)
मीनलताई घाबरू नका, कोमट पाण्यात भरपूर मीठ घालून पाजा, लगेच ओकून टाकेल. गावाकडे हेच करतात.

डॉ_गावठी (रात्री 9:49)
मिठाचं पाणी अजिबात नको. काका, तुमची तळमळ कळते, पण उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ रक्तात जातं आणि मिठाच्याच विषबाधेने कुत्रा दगावू शकतो. घशात बोटं नको, तूप नको, हळद-दूध नको.

मीनल, वाट बघू नका, आत्ता निघा. तो खेळतोय याला काही अर्थ नाही, किडनीचा त्रास एक ते तीन दिवसात दिसतो, आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिल्या एक-दोन तासात इंजेक्शन देऊन उलटी काढली तर बराचसा माल बाहेर येतो. चोवीस तास चालू असलेलं जवळचं क्लिनिक शोधा, फोन करून निघा म्हणजे ते तयार राहतील. उरलेली पुडी सोबत घ्या, किती खाल्लं त्याचा अंदाज येतो. डॉक्टरांना तीनच गोष्टी सांगा: काय, किती, किती वाजता. आणि वजन.

सायलीची_आई (रात्री 9:53)
मीनल, रिक्षात बसलीस की सांग. माझ्या ओळखीत ठाण्यात रात्री चालू असणारं एक आहे, नंबर मेसेज केलाय.

मीनल_ठाणे (रात्री 9:58)
निघालो. ताई फोन लागला, या म्हणाले.

गल्लीतला_मित्र
मीनलच्या खबरेची वाट बघतोय. तोवर रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल लिहितो. आमच्या भागात लग्नाच्या हॉलमधली उरलेली बिर्याणी पातेलंभर आणून ओततात. वरवर बघितलं तर पुण्याचं काम, पण त्यात तळलेला कांदा, हाडं, आणि उन्हात चार तास राहून आंबलेलं सगळं. बुरशी आलेला पाव, आंबलेलं अन्न हे सुद्धा विषच, काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला अंगभर थरथर सुटते, झटके येतात. ओल्या कचऱ्याचा डबा उघडा ठेवू नका हे त्यासाठी.

आणि कळकळीची विनंती, अन्न प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून फेकू नका. वासामुळे कुत्रा पिशवीसकट खातो. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या आणि गायींच्याही पोटातून काय निघतं ते कुणालाही विचारा.

मी काय देतो: तांदूळ, चिकनचे बिनहाडाचे तुकडे किंवा थोडी कलेजी, लाल भोपळा, चिमूटभर हळद, मीठ नाही. मोठ्या पातेल्यात एकदम होतं. भोपळा स्वस्त आहे आणि पोट नीट ठेवतो. ज्यांना शाकाहारीच द्यायचं आहे त्यांनी भात आणि बिनफोडणीची मूगडाळ, वर चमचाभर दही. दूध-बिस्किटाने विषबाधा होत नाही, पण वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि बिस्किटात साखर-मैद्याशिवाय असतं काय?

आंबोळी
दिवाळीचं पण सांगा ना, चकली-शेव-चिवडा सगळेच घालतात.

डॉ_गावठी
तळलेलं आणि तुपकट एकदम जास्त खाल्लं की स्वादुपिंडाला सूज येते, दिवाळीनंतर अशा केसेस येतातच. कुत्रा वारंवार उलटी करतो, काही खात नाही, आणि पुढचे पाय-छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून राहतो, पोटदुखीमुळे. ती पोझ दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. मटणाची चरबी, चिकनची साल, पोळीला लावायच्या तुपाची वाटी चाटायला देणं, सगळं त्यातच.

जाता जाता, अन्न नाही पण लिहितो: ताप आला म्हणून स्वतःच्या मनाने पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.

मीनल_ठाणे (दुसऱ्या दिवशी, सकाळी)
सगळ्यांना मनापासून थँक्यू. गेल्या गेल्या उलटी काढली, बेदाणे फुगून टरटरीत झालेले तसेच बाहेर आले, डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवले. नंतर कोळशाचं औषध दिलं आणि सलाईन लावलं. रक्त तपासलं, पहिलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे. दोन दिवस सलाईन चालू ठेवून परत तपासणार म्हणाले. पूजा बाबांनी उरकली, मी इथेच आहे. बीगल चिडलाय कारण खायला काही नाही.

मीनल_ठाणे (तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी)
आजचाही रिपोर्ट नॉर्मल, घरी सोडलं! लघवी व्यवस्थित होतेय. आठवड्याने एकदा परत रक्त तपासायचं आहे. पाटील काकांनीही मेसेज करून विचारपूस केली.

पाटील_काका_नगर
बरं वाटलं पोरी. डॉक्टर, मिठाचं पाणी आमच्याकडे सर्रास पाजतात, मी आता सगळ्यांना सांगतोय.

उकडीचा_मोदक
वाचून डोकं गरगरलं. आता दहा दिवस घरी गणपती, रोज आरतीनंतर खिरापत वाटतो आणि आमचा लॅब पहिल्या रांगेत बसतो. त्याला काय द्यायचं? काही न देणं घरच्यांना पटणार नाही, आजी तर ऐकणारच नाही.

सायलीची_आई
पंचखाद्यात बेदाणे असतात त्यामुळे ते नाहीच, बेदाणे वेचून काढलेलं पण नको, एखादा राहतोच. मोदकाचं सारण मनुका न घालता केलं असेल तर उकडीच्या मोदकाचा एक छोटा तुकडा चालेल, तूप न घालता. जायफळ किसून चिमूटभर घातलेलं असतं त्याने काही होत नाही, पण अख्खं जायफळ त्याच्या तोंडी लागू देऊ नका. आजींसाठी आमच्याकडे करतो ते सांगते: नारळ फोडला की ओल्या खोबऱ्याचे दोन छोटे तुकडे आणि केळ्याच्या दोन चकत्या वेगळ्या वाटीत नैवेद्याशेजारी ठेवायच्या. आरती झाली की ती वाटी त्याची. आणि खिरापतीचा डबा लहान मुलांच्या हातात देऊ नका, मुलं प्रेमाने मूठ भरून घालतात. पाहुण्यांसाठी आम्ही दारावरच चिठ्ठी लावतो, "कृपया कुत्र्याला प्रसाद देऊ नये, त्याचा वेगळा काढला आहे". कुणालाही वाईट वाटत नाही.